मायना

माझं काम नकलेचं.
सही झालेलं पत्र पातळ कागदाच्या वहीत घालायचं,
वर ओलं फडकं, त्यावर मेणकागद,
आणि लोखंडी दाबयंत्राचा दांडा
दोन्ही हातांनी, अंग टाकून, फिरवायचा.
जांभळी अक्षरं उलटी उमटत.
पान उजेडाकडे धरलं की पाठीमागून सुलटी दिसत.
असा मी चार वर्षं राज्यकारभार वाचला,
पाठीमागून.

मजकूर कोण वाचतो! मी मायना वाचायचे.
पहिल्या हिवाळ्यात, 'माझ्या प्रिय एल्ड्रिज,
तू पाठवलेलं डुकराचं खारवलेलं मांस पोचलं,
बायको म्हणते, ओहायोच्या हाताला चव आहे.'
दुसऱ्या वर्षी, 'प्रिय पॉम्फ्रेट'.
मग 'प्रिय सिनेटर'. आडनावही गेलं.
त्यानंतर एकदा नुसतंच 'महोदय',
आणि त्या दिवशी पान सोडवताना
माझीच बोटं गार पडली.

भांडण कशावरून?
कुणी म्हणे, जकातीवरून.
कुणी म्हणे, अधिवेशनात कुणाचे किती प्रतिनिधी, त्यावरून.
मला दिसलं ते एवढंसं होतं:
कोल्ड फोर्क नावाचं गाव, उंबरे एकशेदहा,
तिथला पोस्टमास्तर अन्सेल टटवायलर,
डावा हात लाकूडगिरणीत गेलेला.
पॉम्फ्रेटनं चिकटवला होता, म्हणून निघाला.
फाइलवर निळ्या पेन्सिलीचे दोन शब्द:
'त्यांचा माणूस'.
एका पक्षातले, एका ताटात जेवलेले,
आणि 'त्यांचा'.

आमच्या खाणावळीत माझ्यासमोर
मिस्टर आयशम डेलाकूर बसायचे,
विरोधकांच्या वर्तमानपत्रात नोकरीला, बोलणं लोण्यासारखं.
बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत विचारायचे,
"मग मिस थॉर्न, आज मायना काय?"
मी हसायचे. हसणं म्हणजे काही सांगणं नव्हे.
फेब्रुवारीतल्या एका रात्री,
रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल, पायात ओले बूट,
दिवसभरात माझ्याशी कुणी अक्षर बोललेलं नाही,
मी म्हणून गेले,
"आज मायनाच नाही."
त्यांनी भांडं खाली ठेवलं.

सकाळी पहिल्या पानावर होतं.

मला नंतर कळलं, पत्र तोवर गेलंच नव्हतं.
साहेबांनी ते रात्री खणात ठेवलं होतं.
शिपाई सांगत होता, दोनदा बाहेर काढलं,
एकदा तर टाक बुडवून
वरच्या कोऱ्या जागेवर धरला,
शाईचा थेंब पडेपर्यंत.
छापून आल्यावर मात्र ते पाठवावंच लागलं.
जूनपर्यंत एका पक्षाचे दोन झाले,
नोव्हेंबरात तिसऱ्यांचे बँड आमच्या खिडकीखालून गेले.
डेलाकूरांनी मला चॉकलेटची पेटी पाठवली.
ती मी शिपायाच्या मुलांना दिली.
खोटं कशाला, चार आधी खाल्ली.

कुऱ्हाडीचा दांडा म्हणतात तो
मी रोज दोन्ही हातांनी फिरवत होते
आणि मला वाटे, मी नुसती नक्कल ठेवते.

शेवटच्या आठवड्यात कपाटं आवरताना
टटवायलरचं पत्र सापडलं.
शिसपेन्सिलीचं. कागद दाबून धरायला दुसरा हात नाही,
म्हणून ओळी उताराला लागलेल्या.
नोकरी मागितली नव्हती. एवढंच विचारलं होतं,
टपालाच्या पिशव्यांची किल्ली कुणाच्या हवाली करू?
उत्तर गेलेलं नाही. वहीत नक्कल नाही.
मायना मात्र होता, चांगला तीन ओळींचा:

'राष्ट्राध्यक्ष साहेबांस,
आणि हे पत्र त्यांच्याआधी जे कुणी उघडेल त्यांस,
थंडी फार आहे, शेगडीजवळ बसून वाचा.'