काठाची माया

फॉर्मवरचं नाव शाईनं भरून गेलेलं,
गाव मात्र वाचता आलं: मु. पो. खैरझरी, तालुका समुद्रपूर.
वय एकसष्ट. धंदा शिवणकाम.
म्हणजे डोमाजी.
माझा आठवीचा निळा फ्रॉक त्यांनीच शिवला होता,
खाली चार बोटं माया सोडून.
"पोरगी वाढते वं, माय."

कानापुढं चिंचोक्याएवढी गाठ.
दोन वर्षं कुणी म्हणे गालगुंड, कुणी म्हणे दाढ,
अर्धं गाव म्हणे, खर्रा खात असंन.
डोमाजींनी जन्मात खर्रा खाल्ला नाही.
त्यांची लाळ दोऱ्याच्या कामाची होती:
टोक ओठात धरायचं, पीळ द्यायचा,
नेढ्यातून एका दमात पार.

लाळेच्या ग्रंथीचा तो तुकडा मेणात बसवून
मी चकत्या काढल्या, केसाहून पातळ,
कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतल्या.
मग थेंब टाकून वाट बघायची.
पेशीला पेशी धरून ठेवणारं प्रथिन
जिथं असेल, तिथं तपकिरी रंग चढतो.
मधोमध चढला होता, काथासारखा गडद.
काठाला पुसट.
आणि अगदी कडेला, नसेच्या अंगाला,
पाच-सहा पेशी, सुट्या सुट्या,
बिनरंगी.
मी दुसरी काच केली. तेच.
मॅडमनी सही केली. नंबर पुढचा.

गावी गेले तेव्हा कापसाची तिसरी वेचणी चालली होती.
डोमाजींचा डावा डोळा मिटत नाही आता,
हसले की ओठ एकाच बाजूला जातो.
तीस शेक झालेले, मानेची कातडी काळी.
"तू होती म्हणे तिथं. काय दिसलं तुले?"
म्हटलं, काठाचे टाके सुटलेले दिसले.
ते घाबरले नाहीत. कारागिरासारखं विचारलं,
"कच्चा टाका का पक्का?"
हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.
"अन् कापताना डॉक्टरनं माया किती सोडली?"
दोन मिलिमीटर. पलीकडं चेहऱ्याची नस होती.
त्यांनी टेपवर नख ठेवलं,
दोन बारक्या रेघा,
नख बराच वेळ तिथंच.
"एवढ्यात तं काजही बसत नाही, बापा."

पसरंन का, असं त्यांनी विचारलंच नाही.
मी तर बसमध्ये घोकून आले होते,
की रंग अंदाज सांगतो, तारीख नाही,
की रंग उडालेली माणसंही कितीक वर्षं

पण त्यांनी दोरा माझ्यापुढं केला.
"तोंडात ओलच नाही राह्यली. पाण्यानं टोक फाकते.
तू दे बरं ओवून."
मी टोक ओठात धरलं. खळीची चव.
पहिल्या खेपेला गेला नाही.
दुसऱ्या खेपेला नाही.
"काचा पाहू पाहू डोये गेले वं तुये,"
म्हणाले,
आणि तिसऱ्यांदा दोरा पार होण्याआधीच
पाय पायडलवर ठेवून बसले.