सातवी जागा

पहाटे पाचलाच आम्ही सहा जण झालो होतो.
नऊ वाजले तरी सहाच.
तांबाकुंडा, तांबाकुंडा, ओरडून पोऱ्याचा घसा बसला.
मालाँग बॉनेटला टेकून दातण चावत होता.
सात भरल्याशिवाय चाक हलायचं नाही,
अख्ख्या डाकारच्या गराजात तोच कायदा.

ऊन टपावरच्या कांद्याच्या पोत्यांपर्यंत चढलं
तेव्हा कुंबा, जिची बोटं मासे विकून हिशेबाला बसली होती, म्हणाली,
सातव्याचे बारा हजार. भागिले सहा.
काढा दोन-दोन हजार आणि निघू.

विद्यार्थ्याने पाकीट दोनदा उघडून मिटलं.
मी लगेच काढले. मागच्या रांगेत मी, गुडघे छातीशी.

न आलेला माणूस असा विकत घेतला आम्ही
आणि बसवला माझ्या शेजारी.
काओलाकपर्यंत त्याच्या मांडीवर माझी पिशवी,
पुढे म्हाताऱ्या साम्बुजाचा कोंबडा, पाय बांधलेला,
कुणाच्या तरी झोपलेल्या पोराची टाच.

काफ्रिन ओलांडल्यावर
गोरखचिंचेखाली एक हात वर झाला.
काखेत शिलाई मशीनचं डोकं, फडक्यात गुंडाळलेलं.
कुंगेलपर्यंत तीन हजार, मालाँग म्हणाला,
आणि नोटा खिशात.

कुंबाचा तळवा मागून पुढे आला.
ती जागा आमची आहे, मालाँग.

भांडण वोलोफमध्ये सुरू झालं, मंडिंकात चढलं,
मंडिंका मला कळत नाही, तरी मी मान हलवत होतो.
तो बाहेर, दार धरून,
आपण नक्की कुणाच्या जागेवर बसणार
हे ठरायची वाट बघत.

शेवटी पाचशे-पाचशे वाटले गेले.
माझं नाणं घामट होतं, कोमट.

याया नाव सांगितलं त्याने.
कोंबडा न विचारता मांडीवर घेतला,
त्याच्या मानेवरून बोट फिरवत राहिला
आणि गावात सुई मिळत नाही, म्हणाला, एवढंच.
कुंगेलला उतरला. आम्ही हातसुद्धा हलवले.

दिवेलागणीला साम्बुजा जागा झाला.
कोंबडा?

मग सगळ्यांनाच आठवलं, ते फडकं
उतरताना जरा हललं होतं.
मुद्दाम की चुकून, गाडीत दोन तट पडले.
तीन हजारांचा होता, म्हातारा म्हणाला.
भागिले सहा, कुंबा म्हणाली.
पाचशेची सहा नाणी जमली,
त्यात म्हाताऱ्याचंही एक, मग त्यालाच हसू आलं.

सीटवर दोरी तेवढी राहिली होती.
तोडलेली नाही. गाठ सोडलेली.