प्रतीक्षा कालावधी

मखमलाबाद नाक्यावर माझं दुकान.
औषधं विकतो.
आम्ही औषधच म्हणतो त्याला.
विष हा शब्द डब्यावर असतो,
लाल त्रिकोणाच्या वर, बारीक अक्षरांत,
आणि गिऱ्हाईक चष्मा घरी विसरून आलेलं असतं.

घरी लेकीचा शॅमेलिऑन.
भाजीच्या पानाचा रंग, म्हणून नाव अळू.
पूर्वज येमेनचे, जन्म पुण्यातल्या पिंजऱ्यातला,
नोंदणीचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली.
मनीप्लांटच्या वेलावर तो डुलत बसतो,
एक डोळा शर्वाणीवर, एक माझ्यावर.
माझ्यावरचा जरा जास्त वेळ.

रविवारी मेहुणा आला मोहाडीहून.
दह्याच्या डब्यात द्राक्षबागेतले टोळ,
झाकणाला सुईने पाडलेली भोकं.
"ताजे आहेत. किडे काय विकत आणता रे शहरातले लोक!"
डब्यात आतून कोणी
नखाने वाजवावं तसा आवाज.

शर्वाणीने चिमटा उचलला.
मी म्हणालो, थांब.
का, ते सांगायला वेळ लागला.

गुरुवारी संध्याकाळी याच मेहुण्याला
मीच दिली होती बाटली, उधारीवर,
वहीत नाव मांडून :
दत्तू बोरस्ते, अर्धा लिटर, फुलकिड्यांसाठी.
सवयीने बजावलंही होतं,
फवारल्यावर इतके दिवस घड तोडायचे नाहीत.
घडांचे दिवस मोजलेले असतात.
परदेशी जाणाऱ्या मण्याची
प्रयोगशाळेत सालीपासून बीपर्यंत झडती होते.
टोळाची कोण घेतं?
तो पान खातो, उडी मारतो,
पुढच्या पानावर बसतो,
मरेपर्यंत ठणठणीत दिसतो.

मेहुणा हसला,
"अरे, आम्ही खातो की तीच द्राक्षं."
यावर कोणी काही बोललं नाही.
बायकोने चहात साखर दुसऱ्यांदा घातली.

डबा घेऊन गॅलरीत गेलो.
सोडणार कुठे?
खाली कण्हेरीपाशी चिमण्या.
शेवटी फ्रीजरमध्ये ठेवला, बर्फाच्या ट्रेमागे,
वर चिठ्ठी : हात लावू नये.
माझंच अक्षर, पण दुकानातलं वाटत होतं.

आता वडाळ्याच्या हुजैफाकडून रातकिडे आणतो.
गॅरेजमागच्या खोलीत त्याने
अंड्यांच्या ट्रेंची वसाहत उभारलीय,
आत शिरलं की हजार कंगवे एकदम वाजतात.
अळूच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढाच किडा हवा,
मोठा नको, हे त्याला सांगावं लागत नाही.
विचारलं, गाजरं कुठली घालतोस यांना?
"पंचवटीच्या मार्केटातली. सोलून, काका.
आणि आधी चार किडे वेगळे काढतो,
त्यांना खाऊ घालतो, दोन दिवस बघतो."
राजाच्या ताटाआधी
घास घेणारे असायचे म्हणे पूर्वी.
त्या चौघांची नावं कुठल्या वहीत मांडतात?

रात्री उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढायचे,
नाहीतर झोपलेल्या अळूला तेच कुरतडतात.
खाणारा कोण आणि खाद्य कोण,
दिवा मालवल्यावर नक्की नसतं.

परवा दुकान बंद करून आलो.
शर्वाणी पिशवीत किडे घालून
कॅल्शियमची भुकटी लावत होती,
हलक्या हाताने, करंजीला पिठी लावावी तशी.
म्हटलं, आण, आज मी भरवतो.
तिने बेसिनकडे बोट दाखवलं.
कोपरापर्यंत धुतले, साबण लावून, दोनदा.
तिने माझा तळवा नाकाशी धरला,
डोळे मिटून.
"अजून येतोय, बाबा."

वेलावरून अळूने
दोन्ही डोळे माझ्यावर आणले,
जसे तो फक्त जीभ सोडण्याआधी आणतो.
मी नळ पुन्हा सोडला.