रुपयाच्या जाडीएवढी ढील

गाडी घेतली लोटन वायरमनकडून.
राजदूत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
खांबांना फासतात तोच चंदेरी रंग टाकीवर.
"बाकी सगळं ओके शे," तो म्हणाला, "फक्त क्लच जरासा..."
आणि वाक्य तिथंच सोडून पाणी प्यायला आत गेला.

त्या 'जराशा'ची ओळख पारोळ्याच्या बाजारात झाली.
लिव्हर मुठीत पूर्ण आवळलेली,
तरी गाडी सरकतेच आहे पुढं,
ओढाळ गोऱ्ह्यासारखी,
थेट मिरच्यांच्या ढिगाकडं.
मिरचीवाली उठलीसुद्धा नाही.
चाकासमोर तिनं पाच किलोचं वजन ठेवलं.

घरी येऊन पाहिलं, वायर सैल.
सैल काहीही मला सोसत नाही:
चपलेचा अंगठा, लसीच्या पेटीचा पट्टा, दिलेली वेळ.
पान्यानं नट फिरवत गेले, फिरवत गेले,
वायर एकतारीसारखी वाजू लागली तेव्हा थांबले.
वाटलं, झालं.

तिसऱ्या दिवशी, म्हसव्याच्या अलीकडं, नदीवरचा चढ.
मागं बांधलेली पेटी,
बर्फात घटसर्पाच्या चाळीस मात्रा,
पलीकडच्या वस्तीवर सकाळपासून दावणीला अडकलेली गुरं,
आणि इंजिन ओरडतंय,
नुसतं ओरडतंय,
निळा धूर, आणि मागचं चाक जागच्या जागी विचारात.
वास आला.
मला वाटलं कुणीतरी बांध जाळतंय.

कापसाच्या टेम्पोवाल्यानं दोर दिला.
पेटीतलं पाणी पाठीवरून ओघळत होतं,
त्या उन्हात ते बरं वाटलं
याची लाज वाटली.

हिलाल आप्पांनी झाकण उघडलं,
प्लेटा एकेक करून गोणपाटावर मांडल्या.
त्यांतली बुचं करपलेली, भोकांत खिळखिळी,
म्हाताऱ्या गाईचे दात असावेत तशी.
"वायर कोनी ताणी?"
"मी."
"आनि चालावताना बोटं कोठे राहतस?"
मी हात ओढणीखाली घेतला.
सगळा रस्ता मी लिव्हर अर्धी दाबूनच चालवला होता,
धरलीही नव्हती, सोडलीही नव्हती.
"गाडी नवी नही, बाई. भ्याव नवं शे."

मग चहाच्याच पातेल्यात नवी बुचं उकळली.
"तू दाब," म्हणाले.
ओलं बूच भोकावर धरायचं, अंगठ्यानं आत.
चौथ्याला नख दुखलं.
अकराव्याला मोजणं सुटलं.
मग शोकेसच्या फुटक्या काचेवर पॉलिशपेपर
आणि त्यावर प्लेट, गोल गोल, सपाट होईस्तोवर.
"तू घस. मी च्या पेस."
चहा नव्या पातेल्यात केला, एवढी कृपा.

रातभर प्लेटा तेलात बुडाल्या
आणि मी दवाखान्यात रजिस्टर उघडून बसले.
वाया गेलेल्या मात्रा: चाळीस.
कारण: वाहन नादुरुस्त.
वाहनाला सही करता येत नाही, मी केली.

सकाळी आप्पांनी खिशातून रुपया काढला,
लिव्हर आणि तिच्या खोबणीच्या फटीत सरकवला.
"इतलीच ढील. ढिली ऱ्हायनी ते ओढस,
ताणी धरी ते घसरस."
नट अर्धा फेरा मागं.
रुपया अडला, निसटला, पुन्हा अडला.
"आते सोड. एकदम नही.
वासरू पान्ह्याला सोडतस ना, तसं."

हे मात्र मला येत होतं.

तरी चढावर दोनदा बंद पडली.
एक शेळी बघत होती, तोंडातलं चघळणं थांबवून.
तिसऱ्यांदा बोटं उघडत गेले, एकेक करवळीपासून,
मध्येच कुठंतरी गाडीनं मला पकडलं,
नेमकं कुठं ते अजून सांगता येत नाही,
आणि शेळी मागं गेली, पूल मागं गेला.
वस्तीवरच्या पोरानं आरोळी दिली, "ऊनी! ऊनी!"
गुरं पुन्हा दावणीला.

रुपया अजून माझ्या डब्यात आहे, सुयांच्या शेजारी.
आप्पांनी मागितला नाही.
तेलाचा डाग पडलाय त्यावर, दुकानदार घेत नाहीत
असं मी सांगते.