पोटकलमातला च

फेब्रुवारीत औलूचा समुद्र इतका घट्ट असतो
की त्याच्यावरून मोटारी बेटावर जातात.
तिसऱ्या मजल्यावर अकरा जण एका क्रियापदाभोवती बसले होते,
बारावा मी, इतिवृत्त लिहायला.

वाद असा:
संगणकानं विचारलं, रेंज किती,
तर मोडेमनं उत्तर द्यावं,
की द्यावंच?

इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द लागतात.
मी वहीच्या समासात नुसता एक च काढला
आणि तीन दिवस त्याच्याकडे बघत राहिलो.

ओटमार म्हणाला, द्यावं. पुरे.
प्रत्येक कंपनीची आपली खुबी असते,
आपला चोरखिसा.
शिन्चूहून आलेली पेइ-श्वान काहीच बोलली नाही,
दालचिनीच्या पावाचे पदर सुटे करत राहिली.
(त्या पावाला इथे म्हणतात ‘कानफटात’.
खरंच. दोघांना विचारून खात्री केली.)

जुनी पद्धत सगळ्यांना तोंडपाठ:
आधी ए, मग टी. म्हणजे, इकडे लक्ष दे.
म्हणजे आपलं ‘अहो’च की,
नाव न घेता मारलेली हाक.
पलीकडून दोन अक्षरं, ओके,
आणि संसार सुरू.
पुढे घराघरात ‘अहो’ वेगळं झालं.
एक पहिल्या हाकेला वळायचा,
एकाला हाकेनंतर स्वल्पविराम लागायचा,
एक सगळं ऐकून गप्प,
दिवा मात्र लावून बसलेला.

उभी राहून बोलली ती फक्त इरिन्या.
पार उत्तरेला, सेवेत्तियार्वीत, तिची आई दोम्ना.
तिच्या कुंपणावर एक डबी,
रेनडिअर फाटकातून गेले की कळवणारी.
नोव्हेंबरात डबीचा मोडेम मेला.
तसाच मिळेना, दुसऱ्या कंपनीचा मिळाला:
तोच आकार, तीच खाच, टक्कन बसला.
आणि डबी त्याला रात्रभर हाका मारत राहिली.
सकाळी सत्तावीस जनावरं रशियाच्या बाजूला.
“खाचेत बसतो म्हणजे जुळतो, असं नाही,”
एवढं बोलून इरिन्या खाली बसली.

मतदान. सहा विरुद्ध पाच.
सहावा हात पेइ-श्वानचा, साखर लागलेला.
च आत आला.

मला वाटलं, संपलं.
पण प्रमाण मागच्या तारखेनं लागू होत नाही.
विकले गेलेले मोडेम आपापल्या बोलीसकट विकले गेले.
इरिन्यानं त्याच रात्री गाडी काढली,
पावणेसहाशे किलोमीटर,
स्वतः लिहिलेला चाळीस ओळींचा दुभाष्या खिशात.

पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं.
उणे एकतीस. दोम्नानं विजेरी धरली होती.
डबीनं हाक मारली.
हिरवा दिवा.
“काय म्हणाला गं?”
“म्हणाला, आहे.”

म्हातारी हसली.
तळ्याच्या त्या काठावरून कुणी हाक मारली
की आम्ही पण ओरडायचो, म्हणाली,
हो नव्हे, आलो नव्हे,
नुसतं आहे एवढंच सांगणारा आमचा एक शब्द होता.
वसतिगृहात तो तोंडून निसटला
की जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभं करायचे.
तिथे सगळ्यांनी एकच भाषा बोलावी.
बोलावीच.

इरिन्यानं विचारलं, कुठला शब्द?
दोम्नाचे ओठ हलले, विजेरी हलली,
बराच वेळ नुसती वाफ येत राहिली.

यातलं काही इतिवृत्तात नाही.
छापील प्रत इंग्रजीत आहे, कलम सात, पोटकलम तीन,
तिच्यात च कुणाला दिसणार नाही.
तो माझ्या समासात आहे, पेन्सिलीचा,
पाठीवर कॉफीचा डाग.
आईला आठवला तर कळवते, म्हणाली इरिन्या.
कसा लिहायचा ते मात्र तिलाही माहीत नव्हतं.