इयत्ता दुसरी

तार्तूत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मी मेणाच्या ठोकळ्यातून
तीन मायक्रॉनची चकती कापते,
कोमट पाण्यावर सोडते.
सायीसारखी पसरते ती.
सुरकुती पडलीच
तर ब्रशच्या एका केसाने सोडवते.

मेणात माणूस आहे,
त्याच्या डाव्या कपाळामागचा
मसुरीएवढा तुकडा.
फॉर्मवर: हेल्दुर कूसिक, चव्वेचाळीस,
हीउमाच्या फेरीबोटीवर गाड्या लावून घेणारा.
एका सकाळी हात वर केला त्याने
आणि हात वर का केला तेच आठवेना.
अर्ध्या उतारावर एक ट्रक
इंजिन चालू ठेवून उभा.

आधी अँटिबॉडी, मग तपकिरी, शेवटी निळा.
सीडी एकशे त्रेसष्ट.
कशाचाही नंबर असतो आमच्याकडे.

मेंदूचे राखणदार निवांत असले
की बारीक फांद्या पसरून
आपापला वाफा चाचपत बसतात.
इथे सगळ्यांनी फांद्या आत ओढून घेतलेल्या,
गोल, गरगरीत,
पोट सुटलेल्या हवालदारांसारखे.
कुंपणच शेत खातं, म्हणतात.
पण हे खातही नाहीत, डॉक्टर माये सारेप म्हणते,
तणाला पाणी घालतात.

ती मोजते.
विभागणाऱ्या पेशी: एखादीच.
मेलेला भाग: नाही.
नव्या रक्तवाहिन्यांचे गुच्छ: नाहीत.
नियमाने दुसरी श्रेणी.
तपकिरीसाठी फॉर्मवर चौकट नाही.
माये पेनाचं टोपण चावते,
मग 'इतर'समोर लिहिते:
राखणदार पेशी अपेक्षेपेक्षा जास्त.
'अपेक्षेपेक्षा' खोडते.
कुणाची अपेक्षा?
'जास्त' राहू देते.

गुरुवारी फोन वाजला, चुकून आमच्या खोलीत.
मागे समुद्रपक्षी, साखळीचा खणखणाट.
"दोन म्हणजे काय हो?
आमच्या शाळेत पाच म्हणजे हुशार
आणि दोन म्हणजे नापास.
दोन मिळाले की बाबा पट्टा काढायचे."
इथे उलटं असतं, मी म्हटलं.
इथे चार वाईट.
"म्हणजे मी पास?"

माझ्या चिमटीत त्याचीच काच होती.
उजेडासमोर धरली
तर नुसता चहाचा डाग,
कपाच्या बुडाशी राहतो तेवढा.
मला उत्तर द्यायचा अधिकार नाही,
आणि खरं सांगायचं तर
उत्तर मायेकडेही नाही.
डॉक्टरांशी बोला, मी म्हटलं,
आणि तिचा नंबर दिला.

पेन नव्हतं त्याच्याकडे. हातमोजे घातलेत, म्हणाला.
पाठ करतो.
एकदा म्हटला, बरोबर.
पुन्हा म्हटला, बरोबर.
तिसऱ्यांदा मधला आकडा राहिला.
मी सांगितला.

"हो," तो म्हणाला, "तोच.
तोच सुटत होता."