वरच्या खोलीतला घोडा

मे महिना. मानेवाड्याच्या आमच्या घरात
वरची खोली रात्री दहालाही तव्यासारखी.
स्लॅबमध्ये दिवसभराचं ऊन मुरलेलं,
भिंतीला पाठ टेकवली की चटका.
म्हणून निहारनं ठरवलं :
कॉम्प्युटर राहील वर, खेळ येईल खाली,
हॉलमध्ये, टीव्हीवर, कूलरसमोर.
"आणि वायर?" मी विचारलं.
"वायर नाही लागत, आई. हवेतून."

हवेतून.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी,
हवेवर माझा विश्वास जरा कमीच.

टीव्हीवर बर्फ उतरला.
एक घोडा, एक स्वार, देवदारांची काळी रांग,
आणि आमच्या नळाला अजून ऊन पाणी.
घोडा चार पावलं चालला नि थिजला.
डोकं पुढे, धड मागे, शेपटीचे चौकोन चौकोन.
"काहून अटकून राहिला बे हा?"
निहारनं राउटर बंद केला, चालू केला,
शेजारच्या ढोबळ्यांच्या वायफायला नावं ठेवली.
मी दिवाणावर चवळीच्या शेंगा मोडत
बघत होते राउटर कुठे, टीव्ही कुठे
आणि दोघांच्या मधोमध कोण उभा :
पत्र्याचा कूलर, पोटात साठ लिटर पाणी.
"कूलर सरकव."
"त्याचा काय संबंध?"
"पाणी गिळून राहिलं तुझ्या घोड्याला."

दोघांनी मिळून ओढला. फरशीवर ओघळ,
ताट्यांचा ओला वास, माझ्या कमरेत एक कळ.
घोडा सुटला.
वारा मात्र दिवाणावर येईना,
तो आता चपलांच्या रॅकवर जात होता.
लाइन लागायची तर काहीतरी द्यावं लागतंच.

"घे, तू चालव."
मी बटण दाबलं. घोड्यानं जरा विचार केला,
मग मारली उडी. नाल्यात.
"थोडा उशीर होतो," निहार म्हणाला, "लॅग म्हणतात त्याला."
मला शिकवतो!

परदेशी कॉल उपग्रहावरून जायचे तेव्हा
बोलायचं आणि थांबायचं,
आपलाच आवाज कानाशी परतून विरू द्यायचा,
मग यायचं पलीकडचं हॅलो.
नवखी माणसं त्या फटीत पुन्हा बोलायची
आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे.
मस्कतला फोन लावून दिलेल्या एका बाईला
मी मध्येच म्हटलं होतं, नियम मोडून,
"ताई, थांबा. ते बोलत आहेत.
अजून पोचलेलं नाही."

तिसरा नाला दिसायच्या आधीच मी बटण दाबलं.
घोडा पलीकडे.
"बापा!" निहार म्हणाला
आणि कंट्रोलर परत घेतला.

अकराला टाकीत पाणी किती आहे ते बघायला वर गेले.
खोलीचं दार लोटलेलं, आत निळा उजेड.
खुर्चीवर कोणी नाही, फक्त वाळत घातलेला टॉवेल,
आणि समोर तोच बर्फ, तोच घोडा
कोणी बघत नसताना धावतोय.
कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला :
तापातल्या पोराचं कपाळ.
खालच्या सगळ्या थंडीची मजुरी इथे चालली होती.

उभी राहून बघत होते,
तेवढ्यात घोडा पडला.
पडला, घरंगळला, स्वार दरीच्या काठापर्यंत गेला
आणि मग जिन्यातून आला निहारचा आवाज,
"अरे अरे अरे!"

एवढ्याशा वेळात
मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.
एक्स्चेंजमध्येही असंच व्हायचं.
कुणाचं काय झालं ते आधी आपल्या कानातून जायचं,
मग त्या घरात.
आपण हातातली पिन घट्ट धरून बसायचं.
त्या बाईचं नाव कधी कळलं नाही.

कपड्यांच्या दोरीखालचा टेबलफॅन ओढला,
पेटीकडे तोंड करून लावला.
टाकी बघायची राहिलीच.

खाली आले. चवळी अर्धी तशीच होती.
टीव्हीवर घोडा नुकता उठत होता.
वर तो
केव्हाच उठला असणार.